चाड्यावरची मूठ

आमच्या गोठ्यामागे, जिथे पूर्वी कडब्याची गंजी रचली जायची, तिथे आता दोन बल्ल्यांच्या मधे एक जुनी वाकळ टांगलेली आहे. तिच्या मागे शेडनेटचा दुहेरी पडदा आहे आणि समोर सात-आठ पावलांवर काथ्याची एक चटई अंथरलेली आहे. २०२० पासून, पेरणी-काढणीचे दिवस सोडले तर, रोज पहाटे मी त्या चटईवर उभा राहून गोल्फचे चेंडू वाकळीत मारतो. गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावात गोल्फचे मैदान नाही आणि ते असावे असे मला वाटतही नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या मराठवाड्यातल्या लातूर शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले, त्या मराठवाड्यात खेळाच्या हिरवळीसाठी पाणी मागणे माझ्या मनाला पटत नाही. माझ्या सरावाला पाण्याचा थेंबही लागत नाही, ही मला समाधानाची गोष्ट वाटते.

गोल्फ मी पुण्यात शिकलो, तेही वयाच्या अडतिसाव्या वर्षी, नोकरीतल्या एका वरिष्ठांच्या आग्रहामुळे. विटी-दांडू खेळत मोठा झालेला माणूस जमिनीवर स्थिर पडलेला चेंडू सहज मारू शकेल, अशी माझी समजूत होती. चेंडू लहान असतो, त्याचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, पण तो हलत नाही, कोणी तो आपल्या अंगावर टाकत नाही, समोरचा खेळाडू तो अडवत नाही. खरी अडचण याच स्थिरतेत आहे, हे मला पुष्कळ उशिरा समजले. विटी हवेत उडते तेव्हा विचाराला सवडच नसते, हात आपसूक जातो. गोल्फचा चेंडू मात्र आपली वाट पाहत पडून राहतो, आणि त्या मधल्या वेळात मनात काय काय येऊन बसते.

माझा चेंडू उजवीकडे वळत जायचा. या दोषाला स्लाइस म्हणतात आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या बहुतेक नवशिक्यांना तो छळतो. चेंडू उजवीकडे जातो म्हणून मी उभे राहतानाच शरीर थोडे डावीकडे वळवून घेऊ लागलो, आणि जितका मी डावीकडे वळलो तितका चेंडू जास्तच उजवीकडे वळू लागला. ते कोडे उलगडायला मला दोन वर्षे लागली. पूर्वी असे शिकवत की चेंडू क्लबच्या, म्हणजे मारायच्या काठीच्या, मार्गाच्या दिशेने निघतो आणि क्लबच्या तोंडाच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूच्या, दिशेकडे वळतो. रडारवर चालणाऱ्या मोजणी-यंत्रांनी हे उलट असल्याचे दाखवले: चेंडू निघतो तो बहुतांशी क्लबच्या तोंडाच्या दिशेने, आणि वळतो तो तोंड आणि मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. मी शरीर डावीकडे वळवले की क्लब बाहेरून आत, चेंडूला कापत यायचा. तोंड मात्र त्या मार्गाच्या मानाने उघडेच, म्हणजे उजवीकडे वळलेले, राहायचे, आणि दोघांमधले अंतर वाढल्यामुळे चेंडूची फिरकीही वाढायची. मी करत असलेला उपायच आजार वाढवत होता.

माझ्या प्रशिक्षकांनी हे सारे मला नीट सांगितले होते, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्यांनी डाव्या हाताची पकड थोडी उजवीकडे फिरवायला सांगितली, उजवे कोपर बरगडीजवळ ठेवायला सांगितले, क्लब खाली आणताना सुरुवात कमरेपासून करायला सांगितली. प्रत्येक सूचना बरोबर होती. मी त्या सगळ्या एका वहीत लिहून ठेवल्या आणि प्रत्येक चेंडूपाशी ती वही मनात उघडून उभा राहू लागलो. सरावाच्या जागी त्याने थोडे काम भागत असे. मग एका सकाळी, सहकाऱ्यांच्या एका छोट्या स्पर्धेत, शेवटच्या होलवर, म्हणजे चेंडू खळगीत घालायच्या शेवटच्या टप्प्यावर, येईपर्यंत माझा खेळ आयुष्यातला सर्वात चांगला झाला होता आणि ते मला ठाऊक झाले होते. चौघेजण मागे उभे होते. मी वही उघडली. पकड, कोपर, कंबर, डोके, खांदा, असे एकेक आठवत मी चेंडूवर इतका वेळ उभा राहिलो की बोटांची नखे पांढरी पडलेली मला दिसली. चेंडू उजवीकडच्या झाडांत गेला. दुसराही तिथेच गेला. जो होल चार फटक्यांत संपवायचा, तिथे मला नऊ फटके लागले. त्या दिवशी घरी जाताना मला लाज वाटली नाही, दुःख वाटले. कारण मला येत असलेली गोष्ट माझ्याच हातांनी करू दिली नव्हती, आणि तसे का झाले हे मला सांगता येत नव्हते.

२०२० मध्ये मी गावी परतलो. नाना वारले होते, माय एकटी होती, शेताकडे पाहणारे कोणी नव्हते. क्लबांची पिशवी बरोबर आली ती केवळ पुण्यातले घर रिकामे करायचे होते म्हणून. पावसाळ्यातल्या एका उघडिपीच्या सकाळी गोठ्यामागे मी सात नंबरचे आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याचा एक क्लब, हातात घेऊन नुसतेच फिरवत होतो. माय शेण काढत होती. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "मूठ एवढी आवळायलास कशाला? बी पडंल का त्यातून?"

हे वाक्य समजायला आमच्याकडची पेरणी पाहिलेली असावी लागते. तिफणीच्या तीन नळ्या वर जिथे एकत्र येतात तिथे लाकडी चाडे असते, आणि त्या चाड्यात मुठीतून बी सोडत जायचे असते. नाना बैल हाकायचे, माय चाड्यावर मूठ धरायची. मूठ सैल झाली तर बी दाट पडते, आवळली तर ओळ तुटक येते; बैलांची चाल, जमिनीचा उंचसखलपणा, ओटीतल्या बियाण्याचे वजन, सारे बदलत असताना बोटांतून पडणारी धार मात्र सारखी राहावी लागते. आठ दिवसांनी उगवण झाली की मुठीची प्रत्येक चूक साऱ्या शिवाराला दिसते. मायच्या हातची ज्वारी ओळीने उगवायची आणि गावातले लोक तिला मूठ धरायला मुद्दाम बोलावून नेत.

मी तिला विचारले की पेरताना तू मुठीकडे लक्ष कसे ठेवायचीस. ती म्हणाली, "मुठीकडं बघितलं की मूठ अडखळती. बांधाकडं बघायचं. मुठीला ठावं असतंय."

मी त्या दिवशी क्लब भिंतीला टेकवून ठेवला आणि पुष्कळ वेळ ओट्यावर बसून राहिलो. पुण्यातल्या त्या शेवटच्या होलवर मी चेंडूपाशी उभा राहून मुठीकडे पाहत होतो.

नंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, आणि मायचे बोलणे शास्त्राच्या भाषेत पुन्हा पुन्हा समोर येत गेले. क्लब वरून खाली चेंडूपर्यंत येतो तो साधारण पाव सेकंदात. चेंडू आणि क्लब एकमेकांना स्पर्श करून असतात ते जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. डोळ्याने काही पाहून हाताने त्यावर हालचाल करायला माणसाला जवळपास पाव सेकंदच लागतो. याचा सरळ अर्थ असा की क्लब खाली यायला निघाल्यावर त्याला दिलेली कोणतीही सूचना वेळेवर पोहोचत नाही; जे व्हायचे ते त्याआधीच ठरलेले असते. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नवशिक्यांना गोल्फचा छोटा फटका शिकवताना एका गटाला हातांच्या हालचालीकडे आणि दुसऱ्या गटाला क्लबच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके अधिक अचूक ठरले. सायन बायलॉक यांच्या प्रयोगांत तर अनुभवी खेळाडूंना पट करताना, म्हणजे चेंडू होलकडे हळूच घरंगळवताना, स्वतःच्या हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितले तेव्हा त्यांचा खेळ बिघडला, आणि त्यांचे लक्ष एखाद्या दुसऱ्याच कामात गुंतवले तेव्हा तो बिघडला नाही. नवशिक्यांच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडले. हे वाचल्यावर प्रशिक्षकांच्या सूचनांविषयी माझ्या मनात उरलेली थोडी कुरकुरही निघून गेली. नवशिक्याला सूचना लागतातच. सूचना अंगात मुरल्यानंतरही मी ती वही मिटली नव्हती, एवढाच तो प्रकार होता.

गोल्फ हा सगळा मनाचा खेळ आहे, असे म्हणणारी पुष्कळ माणसे मला भेटली आहेत आणि त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. क्लबचे तोंड उघडे असेल तर शांत मनाने मारलेला चेंडूही उजवीकडेच जाणार. ज्या मुठीला काही ठावेच नाही, तिच्यावर विसंबून बांधाकडे पाहण्यात काय अर्थ आहे? मायने मूठ धरायला सुरुवात केली ती लहान वयात, आजीच्या मागे चालत, रिकाम्या नळ्यांवर राख-माती सोडून. म्हणून मी तंत्राची कामे आणि मनाची कामे दिवसाच्या दोन वेगळ्या वेळांना करायचे ठरवले. संध्याकाळी तंत्र, पहाटे फक्त फटका.

संध्याकाळच्या कामाला मला आपल्या घरातलीच साधने पुरली. काळ्या जमिनीचा एक तुकडा दाबून सपाट केला आणि त्यावर रांगोळीची एक रेघ ओढली. रेघेवर चेंडू आहे असे मानून क्लब फिरवायचा आणि माती कुठून निघते ते पाहायचे. आयर्नने माती चेंडूच्या पुढे निघायला हवी, कारण क्लब चेंडूला आधी आणि जमिनीला नंतर लागला पाहिजे. माझी माती रेघेच्या चार बोटे मागून निघायची, म्हणजे शरीराचा भार मागच्या पायावरच राहत होता. काळी जमीन याबाबतीत चटईपेक्षा फार प्रामाणिक आहे; चटईवर क्लब मागे आपटला तरी घसरत पुढे जातो आणि फटका बरा झाल्याचा भास होतो. कमरेपासून सुरुवात करण्याची गोष्ट मला रांगोळीने नव्हे, गोफणीने शिकवली. लहानपणी हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या माळ्यावर उभे राहून आम्ही पाखरे राखायचो. गोफण हाताच्या जोराने फेकली तर गुंडा बाजूला कुठेतरी भिरकतो. आधी पाय रोवतो, मग कंबर फिरते, मग खांदा, मग हात, आणि दोरी सगळ्यात शेवटी ओढली जाते तेव्हा तो सुसाट जातो. गोल्फच्या स्विंगमध्येही वेग याच क्रमाने एका अवयवाकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो आणि प्रत्येक अवयव आपला वेग पुढे देऊन स्वतः मंदावतो. गोफणीत एक टोक सोडून द्यायचे असते आणि क्लब सोडायचा नसतो, हा फरक आहेच. पण मनगट मोकळे नसेल तर दोन्हीकडे तो शेवटचा ओढा मिळत नाही. मूठ आवळली की मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू ताठ होतात, मनगट उशिरा उलगडते, आणि तोंड उघडेच राहून चेंडूला भेटते. माझ्या स्लाइसचे निम्मे मूळ तिथे होते. मायने ते क्लबाचे नावही माहीत नसताना ओळखले होते.

पहाटे मी वाकळीसमोर उभा राहतो तेव्हा यातले काहीही मनात आणत नाही. ही वाकळ मायने तिच्या जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची शिवलेली आहे. त्यात एक जांभळा तुकडा आहे, एक हिरव्या काठाचा, एक नानांच्या पटक्याचा फिकट गुलाबी. मी प्रत्येक चेंडूसाठी एक तुकडा निवडतो आणि क्लबही प्रत्येक वेळी बदलतो. एकाच क्लबने एकाच जागी पन्नास चेंडू मारले तर त्या सकाळी फार बरे वाटते, पण ते शिकणे टिकत नाही. क्रम सतत बदलत केलेला सराव त्या वेळी अडखळता वाटला तरी नंतर अधिक टिकतो, हे शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात दाखवले होते, आणि माझा अनुभव त्याला धरून आहे. चेंडूमागे उभे राहून तुकडा निवडायचा, एक श्वास पूर्ण सोडायचा, उजवा पाय आधी टाकत चेंडूपाशी यायचे, तुकड्याकडे एकदा पाहायचे आणि मारायचे. नामवंत गोल्फपटू जॅक निक्लॉस यांनी लिहून ठेवले आहे की सरावातसुद्धा चेंडू कसा जाणार याचे चित्र मनात उमटल्याखेरीज ते फटका मारत नसत. माझ्याकडे चित्र उमटवायला आकाश नाही, तो जांभळा तुकडा आहे. वाकळीत चेंडू बसल्याचा आवाज मला आता ओळखू येतो. नीट लागलेला चेंडू थप् असा एकच आवाज करतो, आणि चुकलेला फटका त्याआधीच बोटांना कळलेला असतो.

पटचा सराव अंगणात होतो. शेणाने सारवून वाळलेले अंगण चांगल्या ग्रीनइतकेच, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीइतकेच, गुळगुळीत असते, हे मला आधी कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते. तुळशीपासून दूर एका कोपऱ्यात १०८ मिलिमीटर तोंडाचा डबा मी जमिनीत बसवला आहे, कारण गोल्फच्या होलचा व्यास तेवढाच असतो. अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धांतले निष्णात खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट आत घालतात. हा आकडा कळल्यापासून आठ फुटांवरून चुकलेल्या पटचे मला वाईट वाटेनासे झाले, आणि वाईट वाटेनासे झाल्यावर ते कमी चुकू लागले. जोन विकर्स यांनी १९९२ मध्ये दाखवले की चांगले पट करणारे खेळाडू फटक्याआधी चेंडूवर दृष्टी अधिक वेळ आणि अधिक स्थिर ठेवतात. माय सुईत दोरा ओवताना पाहावी, म्हणजे ती दृष्टी कशी असते ते समजेल.

७ ऑगस्ट २०२१ चा शनिवार मला आठवतो. संध्याकाळी नीरज चोप्राच्या भाल्याने सारा देश आनंदला, पण आमच्या घरी पहाटेपासून टीव्ही लागला होता तो टोकियो ऑलिंपिकमधल्या गोल्फसाठी. भारताची अदिती अशोक तेवीस वर्षांची होती, जागतिक क्रमवारीत दोनशेव्या स्थानी होती, तिचे लांबचे फटके इतरांपेक्षा आखूड पडत होते, आणि तरीही शेवटच्या दिवशी ती पदकाच्या शर्यतीत होती. तिची पिशवी तिची आईच वाहत होती. माय चहाचा कप हातात धरून पाहत राहिली आणि एवढेच म्हणाली, "मायनंच पिशवी घेतली व्हय." अदिती चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकले. शेवटच्या पटपर्यंत तिची चाल आणि तिचा वेळ पहिल्या होलसारखाच होता. मला त्या सकाळी पदकापेक्षा ते अधिक मोलाचे वाटले आणि अजूनही वाटते.

गोल्फपटू रोरी मॅकिलरॉयकडे मी पुष्कळ वर्षे याच दृष्टीने पाहत आलो आहे. २०११ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन तो उतरला आणि ८० फटके खेळून बाहेर फेकला गेला. २०२५ मध्ये तीच स्पर्धा जिंकताना शेवटच्या दिवशी त्याचे दोन होल दोन-दोन फटक्यांनी बिघडले, अठराव्या होलवर विजयाचा छोटा पट चुकला, आणि बरोबरी सोडवण्यासाठी पुन्हा त्याच होलवर जाऊन त्याने दोनच फटक्यांत चेंडू होलपासून हाताच्या अंतरावर आणला. इतक्या वर्षांनीही त्याचे हात चुकत होतेच. फरक पडला होता तो चुकल्यानंतरच्या फटक्यात.

गेल्या कार्तिकात जुन्या सहकाऱ्यांनी पुण्याला बोलावले. तेच मैदान, तोच शेवटचा होल, उजवीकडे तीच झाडे. मी चेंडूमागे उभा राहिलो तेव्हा वही उघडायला सुरुवात झाली; ते मला स्पष्ट जाणवले. मी दूरच्या एका कडुलिंबाच्या फांदीकडे पाहिले, श्वास सोडला आणि बोटांतला दाब तपासला. मूठ आवळलेली होती. मी मागे सरलो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी फांदीकडे पाहून मारले. चेंडू थोडा उजवीकडेच झुकला, पण झाडांच्या अलीकडे, छाटलेल्या गवतावर थांबला. तिथून पुढचा फटका ग्रीनवर गेला, पुढचा पट आठ फुटांवर थांबला, आणि त्या आठ फुटांवरून मारलेला चेंडू होलच्या काठावर अर्धा वळसा घेऊन बाहेर राहिला. पाच फटके झाले.

रात्री मायला फोन केला. तिने पहिल्यांदा जेवलास का ते विचारले आणि मग म्हणाली, "मूठ?"

"सैल होती," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "वाकळीची एका अंगानं दोरी सुटलीय वाऱ्यानं. आल्यावर बांध."